मुलगा तीन आठवडे घरी येतोय, आणि दूध-दही-तूप बंद. रोज काय करू?

फोडणी_जळाली | ८ डिसेंबर, रात्री १०.१५

मंडळी, मदत हवी आहे. मुलगा जर्मनीत शिकतो, आखेनला. २० तारखेला येतोय, संक्रांत करून परत जाणार. गेल्या वर्षात तो व्हीगन झालाय. मांस-मासे आमच्याकडे नव्हतेच, पण आता दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, मध, सगळंच बंद. कारण विचारलं तर त्याने गोठ्यांचे व्हिडिओ पाठवले. तेव्हापासून विचारत नाही.

घरात मी, नवरा (साखर काठावर, तेल-तूप हात राखून वापरा असं डॉक्टरांनी बजावलंय), ८१ वर्षांच्या सासूबाई आणि आता हा. मला सकाळी ८.४० ची लोकल असते. दोन वेगळे स्वयंपाक जमणार नाहीत. सगळ्यांना चालेल, तब्येतीला बरं असेल आणि पाऊण तासात होईल असं काहीतरी सांगा. नेटवर बघितलं तर टोफू, किन्वा, ॲव्होकॅडो आणि बदामाचं पीठ. डोंबिवलीत सगळं मिळतं हो, पण त्या एवढ्याशा पाकिटाची किंमत बघून ते परत फळीवर ठेवून आले.

काल सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्याच्या वरणभातावर काय घालायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

हुलगा | ८ डिसेंबर, रात्री १०.४२

ताई, पाककृती नंतर. आधी गेल्या आठवड्यात तुमच्या घरात काय काय शिजलं ते आठवून इथे लिहा. न लाजता लिहा.

दुधाळ | ८ डिसेंबर, रात्री ११.०५

आमच्या पोटावर पाय देणारा धागा आहे हा. 😀 दारात सहा म्हशी आहेत. पोराला इकडे पाठवा, व्हिडिओत नाही, खराखुरा गोठा दाखवतो.

फोडणी_जळाली | ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

@हुलगा, घ्या. सोम: मटकीची उसळ, पोळी, भात-आमटी. मंगळ: भेंडी, वरण. बुध: पिठलं-भाकरी. गुरू: मेथीची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर. शुक्र: चवळीची उसळ. शनी: मुगाची खिचडी, कढी. रवि: थालीपीठ, रात्री उरलंसुरलं. सकाळचे पोहे, उपमा धरलेले नाहीत. लोकल चुकेल, रात्री वाचते.

हुलगा | ९ डिसेंबर, सकाळी ७.३०

आता तुमचीच यादी बघा. आठवड्याच्या स्वयंपाकात दुधातुपाचं काय होतं? कोशिंबिरीतलं दही, शनिवारची कढी, वरणावरचं तूप, थालीपिठावरचं लोणी. आणि चहा. बाकी सगळं तुमच्या मुलाला आजच चालेल. पनीर तर तुम्ही लिहिलंच नाही, म्हणजे होत नसावं. हा प्रश्न स्वयंपाकाचा नाही, पाच छोट्या जागांचा आहे. त्या पाच जागा भरू, टोफूचं राहू द्या.

आमच्या जुन्नरकडचं घरचं जेवण सांगतो: हुलग्याचे शेंगोळे. लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घ्यायची. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं पीठ अर्धी वाटी, निम्मं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. हाताला तेल लावून करंगळीएवढी वळी करायची, टोकं जुळवून कडं करायचं. पातेल्यात लसणाची फोडणी, उरलेलं वाटण, चार-पाच भांडी पाणी. पाणी खळाखळा उकळलं की मगच एकेक शेंगोळं सोडायचं. थांबलेल्या पाण्यात टाकलंत तर सगळ्याचा लगदा होईल, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सासुरवाडीच्या पाहुण्यांसमोर करून बघितलंय. वीस मिनिटं शिजवायचे. मळलेल्या परातीत पाणी घालून ती धुवायची आणि ते पाणीही आत ओतायचं, रस्सा त्यानेच दाट होतो. एवढं झालं की पोळीभाकरी लागत नाही. वरून कच्चं तेल आणि लिंबू.

तिरफळ | ९ डिसेंबर, सकाळी ९.१२

हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. तुम्ही त्याची कडी वळत बसता, आम्ही दहा मिनिटांत पिठी करतो. 😀

ताई, सकाळच्या घाईला हेच धरा. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण. लसूण लाल होईपर्यंत थांबायचं, तिथे घाई नको. हळद, तिखट, मग दोन भांडी पाणी आणि दोन-तीन आमसुलं. कुळथाचं पीठ तीन-चार चमचे *थंड* पाण्यात कालवून ठेवायचं आणि पाणी उकळलं की एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात भुरभुरवलंत तर गुठळ्या होतातच, मग रवी फिरवून त्या मोडत बसा. पाच मिनिटं रटरटू द्या. गुरगुट्या भात, पिठी आणि भाजलेला पोह्याचा पापड. कुळीथ भाजून, सालं काढून दळलेलं पीठ घ्या, साध्या दळलेल्या कुळथाला उग्र वास येतो. कोकणी मालाच्या दुकानात मिळतं, आणि डोंबिवलीत अशी दुकानं पावलोपावली आहेत.

आणि कढीची जागा सोलकढीने भरा. आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास. अर्ध्या नारळाचं खोबरं, लसणाची एक पाकळी, हिरवी मिरची वाटून पिळून दूध काढायचं, आमसुलाचं पाणी घालायचं, मीठ, कोथिंबीर. चुलीवर चढवायची नाही. नारळ खवायचा कंटाळा असेल त्या दिवशी दूध वगळा: नुसत्या आमसुलाच्या पाण्यात जिरं, मिरची, कोथिंबीर, वरून हिंगाची फोडणी. त्याला आम्ही फुटी कढी म्हणतो.

मोजपट्टी | ९ डिसेंबर, दुपारी २.२०

मी आहारतज्ज्ञ आहे. नेहमीसारखी मूड घालवायला आले आहे.

पहिली गोष्ट बी-१२. वनस्पतींच्या खाण्यातून ते भरवशाने मिळत नाही. मोड आलेल्या कडधान्यांत, इडलीच्या आंबवलेल्या पिठात भरपूर असतं असे निरोप फिरतात, त्यावर विसंबू नका. दूध घेणाऱ्या शाकाहारी लोकांमध्येही आपल्याकडे बी-१२ कमी सापडतं, मग सगळंच सोडलेल्याचं काय. मुलगा आला की पहिल्या आठवड्यात रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी कायमची लावा. यात पर्याय नाही. ड जीवनसत्त्वही त्याच वेळी तपासा, जर्मनीत हिवाळ्यात ऊन कुठलं.

दुसरी गोष्ट प्रथिनं. "आम्ही रोज वरण खातो" हे उत्तर मला दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास, मान्य. पण आपल्या वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम २०-२५ ग्रॅम. म्हणजे प्रथिनं पाच ग्रॅम. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगतात. ६५ किलोच्या मुलाला ५४ ग्रॅम झाले. पातळ वरणाने ते व्हायचं तर दिवसाला दहा वाट्या प्यायला हव्यात. म्हणून वरण घट्ट करा, उसळ चमचाभर नाही तर वाटीभर वाढा, शेंगदाण्याचं कूट (१०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम) सढळ घाला. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० च्या वर असतात. त्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की वास जातो, मग तुमच्या नेहमीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका.

कॅल्शियमची काळजी असते सगळ्या आयांना. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, न पॉलिश केलेल्या तिळात हजाराच्या वर. तेव्हा नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तास-दीड तास जाऊ द्या.

@तिरफळ, सोलकढी मलाही आवडते, पण नारळाच्या दुधात संपृक्त मेद भरपूर असतो. ताईंच्या नवऱ्याला रोज वाटीभर नको. आठवड्यातून एकदा. फुटी कढी मात्र रोज चालेल.

तिरफळ | ९ डिसेंबर, दुपारी २.३१

आमच्या गावात रोज पितात आणि नव्वदीपर्यंत जगतात.

मोजपट्टी | ९ डिसेंबर, दुपारी २.३४

आणि पिऊन झाल्यावर माडावर चढतात. ताईंचा नवरा लोकलमध्ये चढतो.

वऱ्हाडी_ठेचा | ९ डिसेंबर, रात्री ८.४८

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे तुरीच्या ओल्या शेंगांचा मोसम. आम्ही त्या दाण्यांना सोले म्हणतो. मुंबईकडेही शेंगा येतात, हिरव्याजर्द बघून घ्या. सोलायचं काम घरातल्या म्हाताऱ्या माणसांना द्या, टीव्हीसमोर बसून किलोभर सहज होतात.

दाणे थोड्या तेलावर परतायचे, डाग पडेस्तोवर. निम्मे दाणे लसूण, हिरव्या मिरच्यांसोबत जाडसर वाटायचे, निम्मे तसेच ठेवायचे. कांद्याची फोडणी, हळद, तिखट, वाटण, मग बाकीचे दाणे आणि गरम पाणी. एकदम बारीक वाटू नका हो, पेस्ट झाली की मजा गेली. ज्वारीच्या भाकरीसोबत खा. उरली तर सकाळी त्यातच तांदूळ टाकून सोलेभात.

दुसरं म्हणजे डाळभाजी. तूरडाळ, मूठभर चणाडाळ, मूठभर शेंगदाणे कुकरला. पालक चिरून (आंबटचुका मिळाला तर फारच बेस) फोडणीत परतून डाळीत घोटायचा. वाढताना वरून लाल मिरची आणि लसणाची चुरचुरीत फोडणी. हेच तुमच्या सासूबाईंना उत्तर. वरणभातावर तूप नाही तर लसणाची फोडणी.

एकटा_जीव | ९ डिसेंबर, रात्री ११.३०

बंगळूरला एकटा राहतो, दोन वर्षं दूध बंद आहे (माझं कारण प्राणीप्रेम नाही, पोट. दूध पचत नाही). कोशिंबिरीतल्या दह्याचं मी सांगतो. शेंगदाण्याचं दही.

एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा. चोळून सालं काढा, नाहीतर रंग मातकट येतो. तीन वाट्या पाण्यात अगदी गंध वाटा, पातळ कापडातून पिळा. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळा. "सतत" हा शब्द मी गंमत म्हणून लिहिलेला नाही, दोन मिनिटं फोन बघितलात की तळाला लागलंच. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ बुडवून झाकून ठेवा. आठ-दहा तासांत लागतं. पहिल्या खेपेला थोडं सैल लागेल, त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणाला वापरा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून जमतं. काकडी, कूट, मोहरी-हिंगाची फोडणी घातली की पाहुण्यांना कळत नाही. नुसतं साखर घालून खायला गेलात तर कळतं. उरलेला चोथा थालीपिठात घाला.

दुधाळ | १० डिसेंबर, सकाळी ६.१०

ते सगळं ठीक, पण त्याला दही म्हणू नका राव. दुसरं काहीतरी नाव ठेवा.

एकटा_जीव | १० डिसेंबर, सकाळी ९.००

साबुदाण्याच्या खिचडीत ना डाळ ना तांदूळ, तिला खिचडी म्हणता की. मग आमच्या दह्याने काय घोडं मारलंय?

दुधाळ | १० डिसेंबर, रात्री ९.४०

😀 बरं. आता खरं सांगतो. मी लहान असताना आमच्या घरी एकच म्हैस होती. सकाळ-संध्याकाळ सगळं दूध डेअरीला जायचं, कारण दहा दिवसांच्या बिलावर किराणा यायचा. घरात आम्ही सगळे कोरा चहा प्यायचो, गवती चहाची पात आणि गुळाचा खडा घालून. आई उडदाचं घुटं करायची. उडदाची डाळ थोडी भाजून मऊ शिजवायची, आलं-लसूण-मिरचीचं वाटण घालून घोटायची, जिऱ्याची फोडणी. गरम भाकरी कुस्करून वरून ते ओतायचं. थंडीत याच्यासारखं दुसरं काही नाही. लोणी-तूप सणाला.

तर ताई, दूधवाल्याच्या घरातला पोरगा दुधाशिवाय वाढला आणि आता इथे भांडतोय. पोराला चहा कोराच द्या. दूध घालायचं म्हणून बदामाचं पाणी घालू नका, चहाचाही अपमान आणि बदामाचाही.

अष्टागर | ११ डिसेंबर, दुपारी १२.१५

गोडाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या अलिबाग भागात बेने इस्रायली लोकांची जुनी वस्ती. पूर्वी त्यांचा तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे त्यांच्या रश्श्यात आणि गोडात नारळाचं दूध. त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा करतात, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवलेला, अगदी वडी पडेपर्यंत. आता बरीचशी मंडळी इस्रायलला गेली, पण हलवा तिकडेही होतो असं ऐकून आहे. ताईंच्या मुलाला ही माहिती आवडेल, शेकडो वर्षं मराठी बोलणाऱ्या घरांत दुधाशिवाय गोड होत आलंय.

चीक काढणं मोठं काम आहे, ते तुम्हाला सांगत नाही. रविवारी शिरवाळे करा. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे गोळे पाण्यात उकळून गरम असतानाच साच्यातून दाबायचे. हात दुखतात, घरातल्या पुरुषांना बोलवा. सोबत नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची. तेवढाही वेळ नसेल तर बाजारातली तांदळाची शेवई वाफवून घ्या, उन्नीस-बीस.

फोडणी_जळाली | २३ डिसेंबर, रात्री ११.२०

आला एकदाचा. वाळलाय, पण चेहऱ्यावर तेज आहे (हे सासूबाईंचं मत, मला फक्त वाळलेला दिसतो). हिशोब देते.

पिठी: पहिल्याच दिवशी केली. तिरफळताईंनी थंड पाणी म्हटलं होतं, मी फिल्टरखालचं कोमट घेतलं आणि गुठळ्या झाल्या. गाळून घेतली. तरी तिघांनी दोनदा वाढून घेतली.

चहा: दुधाळभाऊंचं न ऐकता बदामाचं दूध आणलं. आल्याच्या चहात ओतून उकळलं आणि ते फाटलं. वर पांढऱ्या चिंध्या, खाली पाणी. मुलगा हसला, म्हणाला, "आई, तिकडे मी ओटचं दूध शेवटी घालतो, उकळत नाही." हे आधी सांगायला काय झालं होतं! आता तो आणि त्याचे बाबा दोघंही गवती चहाचा कोरा पितात. बाबांची साखरही त्यामुळे एक चमचा कमी झाली.

दही: पहिल्यांदा लागलंच नाही. थंडी, आणि मी डबा ओट्यावर ठेवला होता. दुसऱ्यांदा सासूबाईंनी तो पिठाच्या डब्यात, पिठात रुतवून ठेवला. सकाळी घट्ट! त्यांनी बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, "शेंगदाण्याचं आहे हे कळतंय. पण वाईट नाही."

वरणभाताचं उत्तरही त्यांनीच शोधलं. मेतकूट, लिंबू आणि घाण्याचं शेंगदाण्याचं तेल अर्धा चमचा. देवापुढे तुपाचं निरांजन मात्र लागणारच, त्यावर तहाची बोलणी झाली आहेत.

बी-१२ तपासलं. खालच्या मर्यादेच्याही खाली निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. @मोजपट्टी, तुमचे आभार कसे मानू? हा पठ्ठ्या वर्षभर "मला छान वाटतंय" म्हणत होता. गंमत म्हणजे मी माझंही तपासून घेतलं, मी रोज दूध पिते, माझंही काठावर.

मोजपट्टी | २४ डिसेंबर, सकाळी १०.०५

बरं झालं तपासलंत. तीन महिन्यांनी दोघांचंही पुन्हा बघा. आणि जवसाची चटणी सुरू करा. जवस भाजून *कुटलेलेच* हवेत, अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. एकदम किलोभर करून ठेवू नका, कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो.

तिरफळ | २ जानेवारी, सायंकाळी ६.३०

ताई, सुट्टीच्या दिवशी खतखतं करून बघा. माझं माहेर पेडण्याचं, तिथे चतुर्थीला होतंच. तूरडाळ शिजवून घ्या. सुरण, रताळं, कच्चं केळं, लाल भोपळा, मुळा, शेवग्याची शेंग, मक्याचं कणीस, जे मिळेल ते मोठे तुकडे करून, पण पाचांच्या खाली नको. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, हळद यांचं वाटण, आमसुलं, गूळ. आमच्याकडे याला फोडणी नसते, म्हणजे तेलाचा थेंब नाही, मोजपट्टीबाई खूश. शेवटी सात-आठ तिरफळं बिया काढून, पाण्यात ठेचून घालायची आणि झाकण मारायचं. वास डाळीत उतरला पाहिजे, तिरफळ स्वतः खायचं नाही. चावलात तर जीभ बधिर होते. माझ्या आयडीचा अनुभव बऱ्याच जणांना आहेच.

फोडणी_जळाली | १३ जानेवारी, रात्री १०.५०

आज भोगी. मुलगा परवा जातोय.

खरं सांगू, गेले तीन आठवडे मी मनात कुठेतरी पर्याय शोधत होते. दह्याऐवजी हे, तुपाऐवजी ते. आज पहिल्यांदा काहीच बदललं नाही. भोगीची भाजी दरवर्षी जशी होते तशीच केली. काल रात्री चौघांनी बसून पावटे आणि ओले हरभरे सोलले. हरभऱ्याच्या घाट्यांची आंब बोटांना लागते, मुलाने बोटं चाटली आणि म्हणाला, "ही चव मी विसरलोच होतो." गाजर, वांगी, घेवडा, चार बोरं, भुईमुगाचे ओले दाणे. फोडणीत आधी दाणे आणि पावटे परतून वाफ काढली, त्यांना वेळ लागतो. मग गाजर-घेवडा, वांगी सगळ्यात शेवटी. गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, आणि भाजलेल्या तिळाचं कूट दोन मोठे चमचे. तीळ काळजीपूर्वक भाजायचे, तडतडायला लागले की लगेच ताटलीत, कढईत राहिले तर कडू होतात.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी मुलाने थापली. पहिल्या दोन नकाशासारख्या झाल्या, तिसरी फुगली. सासूबाईंनी सवयीने लोण्याची वाटी घेतली, त्याच्या पानाशी आल्या, थबकल्या, आणि भाकरीवर तिळाची चटणी आणि तेल घातलं. मग स्वतःच्या भाकरीवर लोणी घेतलं, दुप्पट.

उद्या गुळपोळी. मोहन तेलाचं, बेसनही तेलावरच भाजलंय.

बॅगेत दोन किलो कुळीथ पीठ, मेतकूट, आमसुलं, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी. वजन २३ च्या वर गेलं म्हणून त्याने बूट हातात घेतलेत.

एक शेवटचा प्रश्न: तिकडे मटकीला मोड येत नाहीत म्हणतो. दोन दिवस ठेवली तर वास सुटला. खोलीत हीटर असतो तरी?

हुलगा | १३ जानेवारी, रात्री ११.१०

हीटरची हवा कोरडी, कापड वाळतं. मग तो पाणी जास्त मारत असणार, म्हणून वास. भिजवणं आठ तास, जास्त नाही. पाणी पूर्ण निथळू द्यायचं, चाळणीत पंधरा मिनिटं. ओल्या फडक्यात सैल बांधून झाकणाच्या डब्यात ठेवायचं. डबा ओव्हनमध्ये, ओव्हन बंद, आतला फक्त दिवा चालू. मटकी दिवसातून एकदा धुवून परत निथळायची.

एकटा_जीव | १३ जानेवारी, रात्री ११.२५

आणि ओव्हनवर चिठ्ठी लावायची: "आत मटकी आहे." माझ्या रूममेटने एकदा न बघता २०० अंशांवर पिझ्झासाठी तापवला होता.

फोडणी_जळाली | १५ जानेवारी, पहाटे ५.४०

विमानतळावर सोडून आत्ता घरी आलो. सासूबाई जाग्या होत्या. विचारत होत्या, पिठाच्या डब्यात दह्याचा डबा आहे, तो काढायचा की नाही.